जोडून दिलेली रेघ

मी काय काम करते हे लोकांना समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. शहाद्याजवळच्या आमच्या गावात कोणी विचारलं की आई परस्पर सांगून टाकते, "ती नंदुरबारमा नेट दखस." पूर्वी मला याचा राग यायचा. इंजिनिअरिंग केलेल्या मुलीचं असं चार शब्दांत आटपतात का? आता वाटतं, आईइतकं नेमकं कोणी सांगितलेलं नाही. मी नेट बघते. ते चालवत नाही आणि दुरुस्तही करत नाही, फक्त बघते.

जिल्ह्यातल्या डोंगरी आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्रं आणि ग्रामपंचायती केबल टाकून एकमेकींना जोडल्या आहेत. प्रत्यक्षात एकीतून दुसरीत जायचं तर अर्धा दिवस मोडतो, पण संगणकाच्या हिशेबात त्या सगळ्या एकाच खोलीत बसलेल्या असतात. या न दिसणाऱ्या खोलीला व्हर्च्युअल नेटवर्क म्हणतात. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक ठिकाणाचा एक चौकोन असतो. दर मिनिटाला यंत्र प्रत्येकाची हजेरी घेतं. उत्तर यायला किती वेळ लागला, वाटेत किती हरवलं, दिवसभर किती माहिती गेली-आली, असं सगळं त्या चौकोनात रेघेच्या रूपात उमटत जातं. कोणता चौकोन कुठे ठेवायचा, त्यात कोणता आकडा दाखवायचा, किती बिघडलं की हिरव्याचा पिवळा करायचा आणि पिवळ्याचा लाल, हे मी ठरवते. या मांडणीला डॅशबोर्ड म्हणतात. मला तो मनापासून आवडायचा. दोन वर्षं मी तो असा सजवला होता की बघणाऱ्याने बघत राहावं.

आमचे साहेब निवृत्तीला आलेले, स्वभावाने गरीब, मला कधी ताईशिवाय हाक मारली नाही की आवाज चढवला नाही. त्यांना भीती एकाच गोष्टीची, सोमवारच्या आढावा बैठकीची. तिथे माझा डॅशबोर्ड भिंतभर लावतात आणि वरचे साहेब एकेका चौकोनावर बोट ठेवत जातात. डोंगरात लाइट जाते-येते, दोन-चार मिनिटं उत्तर येत नाही, आणि तेवढ्यापुरती रेघ तुटते. प्रत्येक तुटीचा खुलासा लेखी द्यावा लागायचा. एकदा बैठकीहून परत आल्यावर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हाई लाईन तुटेल तुटेल काब्र दिखी ऱ्हायनी?"

मी म्हणाले, "साहेब, तेवढा वेळ तिकडून काही आलंच नाही. म्हणून जागा रिकामी आहे."

"ते माले समजस. पन वरना साहेबले कोन समजाडी? जोडी टाक."

जोडायला काही अवघड नव्हतं. चौकोनाच्या सेटिंगमध्ये एक पर्याय असतो. उत्तर आलं नाही तर काय करायचं? जागा रिकामी सोडायची, लाल दाखवायचं, की आधीचा आकडाच पुढे ओढत न्यायचा? मी तिसऱ्यावर टिचकी मारली. सगळ्या रेघा अखंड झाल्या आणि चौकोन हिरवे राहिले. मनात आलं होतं की हे बरोबर नाही. पण दोन-चार मिनिटांनी कोणाचं काय अडणार, असंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्क्रीन आणखी देखणी दिसायला लागली होती. पुढच्या सोमवारी कोणी काही विचारलं नाही. साहेबांनी खोलीतल्या सगळ्यांना भजी खाऊ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच हसत हसत म्हणाले.

तो फोन आला तेव्हा रविवारी दुपारचे पाऊण वाजले होते; बैठकीच्या आदल्या दिवशी आम्हाला कचेरीत यावंच लागतं. ऑक्टोबरचं ऊन होतं, वरचा पंखा कुरकुरत होता, आणि मी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी चौकोन एका ओळीत लावत होते. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, इथल्या नेटच्या बॉक्सवर तुमचा नंबर चिकटवला आहे, म्हणून फोन केला," एक मुलगी बोलत होती. डोंगरातली मुलं शाळेत शिकलेली मराठी बोलतात तशी, जपून, शब्द पूर्ण उच्चारत. तिने एका दमात सगळं सांगितलं. ती अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातली. बारावी झालेली. नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि ते तिला आदल्या दिवशीच कळलं होतं. मिळालेली जागा आज संध्याकाळी पाचपर्यंत ऑनलाइन स्वीकारायची होती, नाहीतर ती पुढच्याला जाणार. तिच्या गावात नेट नाही, म्हणून ती पहाटे निघून चालत आपल्या जुन्या आश्रमशाळेत आली होती. शिपायाने संगणकाची खोली उघडून दिली, पण पान काही उघडत नव्हतं. शाळेत मोबाइलला रेंज नाही. मागच्या टेकाडावर एका मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर बोलण्यापुरती मिळते. ती तिथे चढून आली होती.

मी शाळेचा चौकोन शोधला. तो हिरवा होता आणि त्यातली रेघ व्यवस्थित पुढे चालली होती.

"इथे तर चालू दिसतंय," मी म्हणाले. आपल्या कामात कोणी व्यत्यय आणला की कचेरीतल्या माणसाचा जो आवाज लागतो, तो माझा लागला होता. तो मला अजून ऐकू येतो. "तिथलाच काहीतरी प्रॉब्लेम असेल. बॉक्स बंद करून परत चालू कर."

"ठीक आहे मॅडम."

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. तिला धाप लागली होती. बंद-चालू करून झालं होतं, पान नुसतं गोल फिरत होतं. मी पुन्हा चौकोन बघितला, तो हिरवाच होता. मी तिला सांगितलं, शेवटचा दिवस आहे, सगळ्या महाराष्ट्रातली मुलं त्या साइटवर तुटून पडली असतील, थोडं थांबून परत बघ.

तेव्हा तिने तो प्रश्न विचारला. "मॅडम, दोनला अक्कलकुव्याला जीप आहे. आज बाजार आहे, खाली जाणारी ही शेवटची. यानंतरच्या सगळ्या बाजारातून वर येणाऱ्या. मी तिथे कॅफेत जाऊन करू का? जाऊ की थांबू?"

दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. पावणेचारला ती कुठल्याही कॅफेच्या खुर्चीत बसली असती. पाचाला सव्वा तास शिल्लक राहिला असता. हा हिशेब मी तेव्हा केला नाही. मी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "थांब. येईलच. इथून सगळं व्यवस्थित दिसतंय."

"ठीक आहे मॅडम," ती म्हणाली.

मग मी डबा उघडला. आईने कळण्याची भाकरी आणि भरीत दिलं होतं. चवीने जेवले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या वेळात ती जीप भरत होती, आणि नंतर सुटली.

साडेतीनला माझी मांडणी संपत आली. सहा शाळांचे चौकोन एकाखाली एक सारख्या मापाचे करून ठेवले आणि लांबून कसे दिसतात ते बघायला खुर्ची मागे सरकवली. पाच रेघा बारीक बारीक थरथरत होत्या. सहावी, त्या मुलीच्या शाळेची, पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ होती. खरी रेघ अशी कधीच नसते. शाळेत कोणी नेट वापरत नसलं तरी यंत्रं आपापसांत काहीतरी कुजबुजत असतात, आणि रेघ हलत राहते. हे मला माहीत होतं. हे माहीत असण्याचाच मला पगार मिळतो.

मी सेटिंगमध्ये जाऊन आधीचा आकडा पुढे ओढण्याचा पर्याय काढला. रेघ पुसली गेली. सकाळी पावणेदहाच्या पुढे त्या चौकोनात काहीच नव्हतं. सहा तास त्या शाळेकडून एक उत्तर आलेलं नव्हतं आणि माझं यंत्र सकाळचा आकडा इमानाने पुढे ओढत बसलं होतं. मीच तसं सांगितलं होतं त्याला.

तिला फोन लावला, तर संपर्काबाहेर. म्हणजे ती खाली संगणकाच्या खोलीत बसली होती, मी सांगितल्याप्रमाणे. केबलवाल्या माणसाला लावला. तो पार विसरवाडीला, हायवेच्या कामावर. म्हणाला, "तुमनं तिकीटच उनं नही मॅडम. आते विसरवाडीले शे मी. सकाय दखसू." तिकीट म्हणजे तक्रारीचा निरोप, तो चौकोन लाल झाला की आपोआप जातो. चौकोन लाल झालाच नव्हता, तर निरोप कुठून जाणार? त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

चार वाजून दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. तिला बोलू न देता मी म्हणाले, "तिथे नेट येणार नाही. मी इथून करते. तुझं लॉगिन सांग." तिने नंबर सांगितला, पासवर्ड एकेक अक्षर करून सांगितला. माझ्यासमोर पान क्षणात उघडलं. तिचं नाव, तिचे मार्क, कॉलेजचं नाव आणि खाली बटण, जागा स्वीकारा. मी बटण दाबलं. पानाने सांगितलं की नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते इथे भरा.

"आकडे आले का?"

"तो नंबर वडिलांचा आहे मॅडम. ते गुजरातमध्ये बांधकामावर आहेत." मग चाचरत म्हणाली, "आज अर्धा दिवस कामावर जाऊ नका, फोनजवळ बसा, असं मी सांगून ठेवलं होतं. दोनपर्यंत बसले होते. मग मुकादमाने बोलावलं."

मी तिच्या वडिलांना आमच्या कॉलमध्ये जोडून घेतलं. पहिल्यांदा घंटी वाजून बंद झाली. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला. मागे काँक्रीटच्या मिक्सरचा खडखडाट होता. बाप-लेक त्यांच्या भिलीत बोलायला लागले आणि मी मधे मुकी. माझ्याच जिल्ह्यातली भाषा. नोकरी लागल्यापासून तिथल्या प्रत्येक शाळेचा चौकोन मी दिवसातून शंभर वेळा बघते, आणि त्यांच्या बोलण्यातले दोनच शब्द मला कळले, नंबर आणि मॅडम.

त्यांना मेसेज वाचायचा तर फोन कानावरून काढावा लागे. काढला की आमचं बोलणं ऐकू जात नसे. आकडे ते एकेक ओळखून वाचत, आणि मुलगी मला मराठीत सांगे. पहिले सहा आकडे हातात आले तोवर त्यांची मुदत संपली होती. पुन्हा पाठवायला सांगितलं. या वेळी त्यांनी जुनाच मेसेज वाचला. मग त्यांनी मुकादमाला बोलावलं. त्याने भराभर वाचले, बरोबर वाचले. पण त्याच्या येण्याची वाट बघताना घाईघाईत मी 'पुन्हा पाठवा' वर आणखी एकदा बोट मारलं होतं, आणि त्यामुळे त्याच्या हातातले आकडे बाद झाले होते. पानावर ओळ आली. खूप वेळा प्रयत्न झाले आहेत, तीस मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. घड्याळात चार चाळीस झाले होते.

"मग मॅडम?" तिने विचारलं.

समोर मोठी स्क्रीन, भरपूर वेग असलेलं नेट, पानावर तिचं नाव, आणि मी हात चोळत बसलेली. तुला परत फोन करते म्हणाले आणि प्रवेशाच्या हेल्पलाइनला लावला. तिथे आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एक बाई सांगत राहिली, आणि मधे मधे गाणं. पाच वाजले तेव्हाही गाणंच चालू होतं. सव्वापाचाला मी पुन्हा लॉगिन केलं. बटण गेलं होतं. त्या जागी लिहिलं होतं, ही फेरी संपली आहे.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "काय करशी ताई. ज्यानंत्यानं नशीब." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. तरी मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. जोडी टाक म्हणणारे तेच होते ना! पण टिचकी मारणारं बोट माझं होतं, आणि थांब म्हणणारी जीभही माझी. त्यांना तर ती मुलगी कोण हेसुद्धा माहीत नव्हतं.

मी फोन लावला. ती अजून टेकाडावरच उभी होती.

"झालं का मॅडम?"

"नाही झालं."

ती म्हणाली, "तुम्ही खूप केलं मॅडम. आमच्यासाठी एवढं कोणी करत नाही. थँक्यू."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं तोंडात. जीप सोडायला मी लावली, आणि ज्या हिरव्यावर विसंबून लावली तो खोटा होता, तो मीच खोटा केला होता. यातलं मी काहीही बोलले नाही. मी म्हणाले, "बघू, पुढच्या फेरीत होईल काहीतरी." पुढची फेरी असते की नसते हेही मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, ती शेवटचीच होती.

शहाद्याच्या एसटीत उभ्याने घरी आले. ताटातली भाकरी तशीच राहिलेली बघून आई म्हणाली, "काय व्हयनं वं माय? जेवत काब्र नही?" मी सांगितलं, एका पोरीची जागा गेली, नेट बंद होतं. आई म्हणाली, "मंग तेमा तुन्हा काय दोष?" मी ताट सरकवून उठले. आईला वाटलं मी थकले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी सगळ्या चौकोनांमधला तो पर्याय काढून टाकला. बैठकीत भिंतीवर तुटक्या रेघाच रेघा दिसल्या. साहेबांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. परत आले ते सरळ माझ्या टेबलाशी आले. मी आधीच म्हणाले, "साहेब, परत जोडायला सांगू नका."

ते खुर्ची ओढून बसले. "मन्हा रिटायरमेंटले आठ महिना शेतस ताई," एवढंच म्हणाले. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं आणि ते वाढवायच्या कागदावर त्यांचीच सही लागते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तेवढे ते भले आहेत. मी दुपारपर्यंत हट्ट धरून बसले आणि संध्याकाळी रेघा पुन्हा जोडून दिल्या. फक्त त्या शाळेचा चौकोन तसाच ठेवला, तुटतो तिथे तुटणारा. त्यात कसलं आलंय शौर्य! वरातीमागून घोडं. साहेबांच्या ते लक्षात आलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली. एका संध्याकाळी तिचा मेसेज आला. मराठीत, नीट विरामचिन्हं देऊन लिहिलेला. ती वडिलांबरोबर गुजरातला बांधकामावर होती. काम बरं आहे, इथे मोबाइलला रेंज चांगली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार आहे. तेव्हा काही अडलं तर तुम्हालाच विचारीन मॅडम.

मी तो चार-पाचदा वाचला. तुम्हालाच या शब्दापाशी माझं काहीतरी मोडलं. एसटीच्या थांब्यावरच उभी राहून मी तिला सगळं लिहिलं. रेघ मी जोडली होती हे, माझ्याकडचं हिरवं खोटं होतं हे, तुला थांबवायला नको होतं हे. आणि तेही लिहिलं जे मला सगळ्यात जास्त टोचत होतं. कोणाचाही फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, बॉक्सवर कोणता दिवा लागलाय? लाल असेल तर केबल तुटली, ती त्या दिवशी जोडून होत नाही. एवढं विचारलं असतं तर मी तुला जीप पकडायला सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला दिसतंय.

शिवी आली असती तर मी घेतली असती. ती काहीच लिहिणार नाही असंही वाटलं. शहाद्याला उतरले तेव्हा तिचं उत्तर आलेलं होतं.

"लाल दिवाच होता मॅडम. मी सकाळी गेले तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हाला तिथून दिसत असेल."